किशोरवयातील निद्राविलंब : सोलापूरच्या संदर्भात

दहाव्या-बाराव्या वर्षापासून विशीपर्यंत झोप लागण्याची व जाग येण्याची नैसर्गिक वेळ हळूहळू पुढे सरकते. या बदलास किशोरवयातील निद्राविलंब म्हणतात. शरीरातील सु. २४ तासांची लय राखणाऱ्या यंत्रणेशी, म्हणजे जैविक घड्याळाशी, तो निगडित आहे. घरोघरी त्याला आळस किंवा वळण नसणे असे नाव मिळते. ते चुकीचे आहे.

जैविक घड्याळाच्या अभ्यासाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. अलेक्झांडरच्या मोहिमेतील अँड्रॉस्थेनीस याने आजच्या बहारीन बेटावर रात्री पाने मिटणारे झाड पाहिल्याची नोंद ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रॅस्टसच्या लेखनातून मिळते (इ. स. पू. चौथे शतक). ते झाड चिंचेचे असावे, हा उत्तरकालीन अभ्यासकांनी लावलेला अर्थ होय. (दिवेलागणीनंतर पाने तोडू पाहणाऱ्या मुलाला ‘झाडं झोपली, हात लावू नकोस’ असे आपल्याकडेही सांगतात, निरीक्षण तेच आहे.) बहुतेक ग्रंथ आद्यत्वाचा मान फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेरां यांना देतात. १७२९ मध्ये त्यांनी लाजाळूच्या जातीची वनस्पती अंधारात ठेवली, तरी तिची पाने दिवसा उमलत राहिली. मात्र वनस्पतीला सूर्य न दिसताही जाणवतो, एवढाच त्यांचा निष्कर्ष होता. घड्याळ वनस्पतीच्या आत आहे, असे ते म्हणाले नाहीत. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांना १८३२ च्या सुमारास बदल नसलेल्या परिस्थितीत हीच लय २२–२३ तासांची आढळली. ती सूर्याची नुसती नक्कल असती, तर बरोबर २४ तासांची भरली असती. त्यामुळे द कांदोल यांचा पुरावा अधिक बळकट मानणे योग्य ठरते.

पुढे १९६० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ आशॉफ यांनी जर्मनीत माणसांना भूमिगत कक्षात घड्याळाविना ठेवून अशाच नोंदी घेतल्या. भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी एकांतकक्षातील प्रयोग केले. मेंदूत डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर मुख्य घड्याळ असल्याचे १९७२ मध्ये दिसून आले. या घड्याळामागील जनुकीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबाश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

किशोरवयातील झोपेचा स्वतंत्र अभ्यास अमेरिकी निद्रा-संशोधक मेरी कार्सकाडन यांच्यापासून मोजतात. १९७६ पासून स्टॅनफर्ड येथील उन्हाळी शिबिरांत त्यांनी त्याच मुलांची झोप वर्षानुवर्षे मोजली. वय वाढेल तशी झोपेची गरज घटेल, अशी अपेक्षा होती. मुले मात्र थोरली झाली तरी नऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली. उलट वयात येऊ लागलेल्यांना दिवसा अधिक पेंग येई. म्हणजे गरज तेवढीच राहते, फक्त वेळ सरकते. जर्मन संशोधक रोनेबर्ग यांच्या २००४ मधील पाहणीनुसार हा विलंब विशीच्या सुमारास कळसाला पोचतो, मुलींत थोडा आधी, आणि मग उतरू लागतो.

कारणाविषयी मते भिन्न आहेत. एका मताप्रमाणे यौवनारंभीची संप्रेरके घड्याळच पुढे सरकवतात. माकडे व उंदीर यांच्यातही असा विलंब दिसत असल्याने या मताला आधार मिळतो. दुसऱ्या मताप्रमाणे जागरणाबरोबर वाढणारी झोपेची ओढ या वयात सावकाश वाढते, म्हणून थकलेले मूलही रात्री अकरापर्यंत टक्क जागे राहू शकते. संध्याकाळच्या प्रकाशाला किशोर अधिक संवेदनशील होतात, हे तिसरे मत. पण २०१५ च्या एका प्रयोगात ही संवेदनशीलता वयात येण्याच्या आरंभी अधिक व नंतर कमी आढळल्याने ते डळमळीत झाले. मोबाइल हे कारण नसून भर घालणारी गोष्ट आहे. १९७६ च्या मुलांकडे मोबाइल नव्हते.

सोलापूर सु. ७५.९° पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची असल्याने येथील सूर्य घड्याळाच्या सु. २६ मिनिटे मागे चालतो. कोलकात्याच्या मानाने सु. ५० मिनिटे. जानेवारीच्या मध्यास सूर्य सातला उगवतो, मेअखेर संध्याकाळी सातला पाच मिनिटे असताना मावळतो. सूर्यास्त तासाभराने लांबला की मुलांची झोप सु. अर्ध्या तासाने घटते, असे अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांना भारतातील आकडेवारीवरून आढळले, कारण शाळेची वेळ सूर्याबरोबर लांबत नाही. शरीराचा विलंब व रेखांशाचा विलंब येथे एकमेकांत मिळतात.

त्यात उन्हाळा. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान उतरावे लागते, आणि चाळिशीपार गेलेला दिवस दगडी भिंतींतून मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडत असतो; संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणे टाकतात ती यासाठीच. पूर्व भागातील एका खोलीच्या घरात आई दिव्याखाली सुपात विड्या वळत असते, शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागाची खटखट चालू असते, आणि नववीतला मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. प्रकाश, आवाज व उष्मा या तिन्ही गोष्टी त्याच्या उशाशीच असतात. गिरण्यांच्या काळी शहर भोंग्यावर उठे. गिरण्या बंद पडल्या, पण लवकर उठण्याचा आग्रह राहिला.

या आग्रहाला आयुर्वेदाचा आधार सांगितला जातो. वाग्भटाने स्वस्थ माणसाला ब्राह्ममुहूर्ती उठण्यास सांगितले आहे, हे खरे. पण चरकसंहितेत रात्री लहान असल्याने ग्रीष्मात दिवसाची झोप प्रशस्त मानली आहे आणि अध्ययनाने थकलेल्यांनाही ती मोकळी ठेवली आहे, याचा उल्लेख क्वचित होतो. परंपरा झोपेविषयी आज समजली जाते तितकी कठोर नव्हती, असे दिसते.

शाळेची वेळ बदलण्याचे प्रयोग मुख्यतः अमेरिकेतील आहेत. मिनेसोटातील एडिना येथे १९९६ मध्ये माध्यमिक शाळा ७.२० ऐवजी ८.३० ला भरू लागली. सिअ‍ॅटलमध्ये २०१६ मध्ये ७.५० ची शाळा ८.४५ ला नेल्यावर मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढली. रात्री उशिरा झोपण्यात तो वेळ गेला नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळा ८.३० पूर्वी भरवण्यास बहुतांशी मनाई आहे.

महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न मांडला. फेब्रुवारी २०२४ च्या शासन आदेशाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वा. किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. लहानग्यांसाठी हे हिताचेच आहे. परंतु ज्या वयात घड्याळ खरोखर पुढे सरकते, ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी या आदेशात येत नाहीत. सकाळच्या सत्रातले दहावीचे मूल जानेवारीत रिक्षावाल्या काकांच्या हॉर्नवर अंधारातच बाहेर पडते आणि दप्तरावर डोके टेकून पुन्हा पेंगते. त्या वेळी त्याच्या रक्तातील मेलाटोनिन हे निद्रा-संप्रेरक पुरते ओसरलेले नसते.