कोहरा अकराला उठला, मग पाचची गाडी लेट का?

मागच्या जानेवारीत आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, धूप तो निकल आई, फिर शाम की गाड़ी लेट क्यों?" ती आंतरीहून येते, मी ग्वाल्हेरहून, दोघी डबऱ्याला उतरतो, आणि त्या दिवशी आमची सकाळची गाडी पावणेदोन तास उशिरा आली होती. मी घाईघाईत "पीछे से लेट आ रही है" म्हणून वेळ मारून नेली, प्लॅटफॉर्मवर सगळे तेच सांगतात, पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण खरंच आहे ना, धुकं अकरालाच उठलं होतं, आकाश निळंशार, ऊन चांगलं चटचटत होतं, आणि तरी संध्याकाळी पाचची गाडी सात वीसला आली. धुकं नव्हतं तर मग गाडी अडवली कोणी? मी विज्ञान शिकवते आणि मला याचं नीट उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मग वाचलं, विचारलं, कागदावर आकडे मांडले, ते सगळं इथे लिहितेय.

आधी धुकं. (ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागातल्या मराठी घरांतही कोहराच म्हणतात, "आज काय कोहरा पडलाय" असं, धुकं हा शब्द पुण्याचे पाहुणे आले की निघतो.) हवेत पाण्याची वाफ किती मावते ते हवेच्या तापमानावर ठरतं. २० अंशांवर एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांवर ९ ग्रॅमच्या आसपास, आणि ५ अंशांवर जेमतेम ७. हिवाळ्यात रात्री आकाश स्वच्छ असलं की जमीन दिवसभराची उष्णता वर सोडून देते आणि झपाट्याने गार होते, तिला टेकलेली हवा पण गार होते, वरची हवा मात्र त्यामानाने उबदार राहते म्हणजे झाकणच बसतं, वारा पडलेला असतो, आणि जमिनीत ओल भरपूर, कारण मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, नुकतीच पडून गेलेली असते आणि डबऱ्यापासून मुरैन्यापर्यंत गव्हा-मोहरीच्या शेतांना पाणी दिलेलं असतं. जी वाफ मावत नाही ती थेंब होऊन तरंगायला लागते. पंजाबपासून बंगालपर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी ही पांढरी चादर उपग्रहाच्या फोटोत अगदी स्पष्ट दिसते आणि आपण तिच्या दक्षिणेच्या काठावर आहोत.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. धुक्यात पाणी किती असतं? घनमीटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. दहा बाय दहाची खोली धुक्याने गच्च भरली तरी त्यातलं सगळं पाणी गोळा केलं तर चहाचा एक चमचा भरेल, बस. मग चमचाभर पाणी समोरचा माणूस कसा काय झाकतं? कारण ते फार बारीक थेंबांत वाटलेलं असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब, आणि प्रत्येक थेंब प्रकाश इकडेतिकडे फेकतो. गंमत बघा, तेवढंच पाणी निम्म्या जाडीच्या थेंबांत वाटलं तर थेंब आठपट होतात, प्रत्येकाची आडवी सावली पाव होते, म्हणजे एकूण झाकण दुप्पट, दिसण्याचं अंतर निम्मं. पाणी तेवढंच! आणि थेंब बारीक आणि जास्त कधी होतात, तर हवेत धूर-धूळ जास्त असते तेव्हा, कारण प्रत्येक थेंबाला बसायला एक कण लागतो. म्हणून आपल्याकडचं धुकं निव्वळ हवामानाचा विषय राहिलेला नाही, आपण काय जाळतो त्याचाही आहे. दिल्ली विमानतळावर २०१५ च्या हिवाळ्यापासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे लोक नेमकं हेच मोजतायत, वायफेक्स नावाचा प्रयोग आहे तो.

हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरच्या आत दिसत असेल तर दाट धुकं, ५० च्या आत अतिदाट. त्या सकाळी मला प्लॅटफॉर्मवरचा तिसरा खांब दिसत नव्हता.

आता गाडीकडे येऊ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, दोन्ही कडक, फारसे दबत नाहीत, म्हणून तर एवढं वजन कमी ताकदीत ओढता येतं, पण त्यात पकडही कमी, ते थांबवताना अंगाशी येतं. समजा ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ०.६ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी होतो. तर तासाला १३० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला जवळपास १,१०० मीटर घेते, ७५ ची ३६० मीटर, ६० ची २३० आणि ३० ची सुमारे ६०. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. म्हणजे ५० मीटर दिसत असेल आणि ड्रायव्हर फक्त डोळ्यांवर अवलंबून असेल तर त्याने ३० ने पण जाऊ नये. म्हणूनच रेल्वे डोळ्यांवर नाही, सिग्नलवर चालते, फक्त अडचण अशी की तो सिग्नल पण डोळ्यांनीच बघायचा असतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, राहतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते सांगतात की दिव्यापेक्षा कानावर जास्त भरवसा होता आमचा. सिग्नलच्या २७० मीटर आधी फॉग सिग्नलवाला रुळावर दोन पटाखे बांधून ठेवायचा, एकमेकांपासून १० मीटरवर, म्हणजे एक वाजला नाही तर दुसरा वाजेल. इंजिनाचं चाक त्यावर गेलं की धडाम. आवाज आला की समजायचं, आता सिग्नल येतोय, वेग आवर आणि डोळे फाडून बघ. "रात्री दोन वाजता, काच ओली, हीटर नाही, तोंड खिडकीबाहेर काढून बसायचो बाळ," असं ते म्हणाले तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण आम्ही त्या वेळी डब्यात शाल गुंडाळून गजक खात लेट गाडीला शिव्या घालत असायचो. ही पटाख्याची युक्ती १८४१ सालची आहे, इंग्लंडातली, आणि आपल्याकडे अजूनही नियमात आहे. सिग्नलच्या आधी रुळांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारतात त्याही त्यासाठीच, इंजिनच्या दिव्यात खाली बघून कळावं म्हणून.

आता फॉगपास नावाचं एक छोटं यंत्र ड्रायव्हरजवळ असतं. जीपीएसवर चालतं, त्यात त्या मार्गावरचे सिग्नल, फाटकं, सगळं आधीच भरलेलं असतं, पुढचे तीन टप्पे स्क्रीनवर दिसतात आणि ५०० मीटर उरले की बोलून सांगतं. २०२४ च्या सुरुवातीला रेल्वेने १९,७४२ यंत्रं दिल्याचं सांगितलं होतं. त्याच्या जोरावर धुक्यातली वेगाची मर्यादा ६० वरून ७५ झाली. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, हे यंत्र सिग्नल कुठे आहे ते सांगतं, लाल आहे की हिरवा ते सांगत नाही. ते शेवटी ड्रायव्हरनेच बघायचं. रंग इंजिनच्या आत आणून दाखवणारी आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा म्हणजे कवच, ती हळूहळू बसतेय, आणि माझ्या मते हिवाळ्यासाठी याच्याइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही.

इथपर्यंत सकाळच्या लेटचं उत्तर झालं. आता संध्याकाळचं.

दोन स्टेशनांच्या मधे ८ किलोमीटर रूळ आहे आणि एका वेळी एकच गाडी आत सोडायची असं धरू. ९६ च्या वेगाने ती ५ मिनिटांत पार होते, ४८ च्या वेगाने १० मिनिटांत. म्हणजे धुक्याने फक्त ती गाडी हळू केली नाही, रूळच निम्मा करून टाकला, कारण मागचीला तेवढा वेळ बाहेर उभं राहायचंय. आता हे मी वर्गात फळ्यावर लिहिलं तसंच लिहिते. समजा चांगल्या दिवशी या रुळावरून तासाला १० गाड्या जाऊ शकतात, धुक्यात ६. धुकं पहाटे ४ ते सकाळी ११, सात तास. तासाला ८ गाड्या येत असतील तर दर तासाला २ तुंबतात, अकरापर्यंत १४ झाल्या. धुकं गेलं, रूळ परत १० चा झाला, पण नवीन ८ येतच आहेत, म्हणजे जुन्यातल्या तासाला २ च निघणार. १४ निघायला सात तास. संध्याकाळचे सहा! पाचची गाडी त्यातच अडकली, आकाश कितीही निळं असो.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तासाला ७ गाड्या असत्या तर फक्त ७ तुंबल्या असत्या आणि तासाला ३ निघाल्या असत्या, दुपारी दीडच्या आतच सगळं साफ. आणि ९ असत्या तर? २१ तुंबतात, तासाला १ निघते, २१ तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. पण त्याआधी पहाटे चारला नवीन धुकं पडलेलं असतं. ते तुंबलेलं कधी साफच होत नाही, रोज वाढत जातं. सातला दुपार, आठला संध्याकाळ, नऊला संपूर्ण आठवडा. गाडी एकच वाढली पण उशीर असा उडी मारतो, कारण उशीर गाड्यांच्या संख्येवर नाही, रिकामी जागा किती शिल्लक आहे त्यावर ठरतो. खऱ्या रुळावर मालगाड्या, लूप लाइन, राजधानीला आधी सोडणं असं बरंच काही असतं, पण सांगाडा हाच. मथुरा ते झाशी २७४ किलोमीटरची तिसरी लाइन टाकणं चालू आहे, काही तुकडे सुरू पण झालेत, ती स्पीडसाठी नाही, या रिकाम्या जागेसाठी हवी आहे.

थंडी अजून एक काम गुपचूप करते. आता रूळ सलग जोडलेले असतात, पूर्वीसारखा खडखड आवाज येत नाही ना, तो त्यामुळेच. समजा रूळ ४० अंशांवर पक्का केला आणि जानेवारीत पहाटे तो ४ अंशांवर आला. मोकळा असता तर किलोमीटरमागे ४१ सेंटीमीटर आखडला असता, पण त्याला खालच्या आडव्या स्लीपरने धरून ठेवलंय, आखडता येत नाही, मग ताण बसतो. ६० किलोच्या रुळाला (म्हणजे मीटरभर तुकड्याचं वजन ६० किलो) एका अंशामागे जवळजवळ १.८ टन, ३६ अंशांना ६० टनांच्या वर. रिकामा डबा साधारण ४० टनांचा असतो, म्हणजे दीड डबा टांगल्यासारखा. वेल्डिंगमधे एखादी बारीक चीर असेल तर ती अशाच पहाटे उघडते. म्हणून थंडीत रात्रभर गस्त घालणारे पेट्रोलमन रुळावरून चालत असतात, बॅटरी आणि हातोडी घेऊन, त्याच धुक्यात, जिथे मागून येणारी गाडी त्यांना पण दिसत नाही. चीर सापडली तर गाड्या थांबवून तिथे पट्टी आणि क्लॅम्प लावतात, मग अगदी हळू एकेक गाडी काढतात, आणि वरचा हिशोब परत पहिल्यापासून.

आणि माणसं. ड्रायव्हरची सलग ड्यूटी साधारण ९ तासांची असते. गाडी धुक्यात चार तास उभी राहिली की ती ड्यूटी रस्त्यातच संपते, मग दुसरा क्रू हवा, आणि तो दुसऱ्या लेट गाडीत कुठेतरी अडकलेला. रूळ मोकळा, सिग्नल हिरवा, डबे तयार, चालवणारा नाही. हे संपासारखंच झालं. १९७४ च्या ८ मे ते २७ मे या संपात जवळपास १७ लाख रेल्वे कामगार उतरले होते, जॉर्ज फर्नांडिस पुढे होते, आणि इंजिनवर काम करणाऱ्यांची एक मोठी मागणी हीच, आठ तासांची ड्यूटी. इंजिनच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसणाऱ्या काकांचं ऐकल्यावर मला ती मागणी अजिबात जास्त वाटत नाही, थकलेला माणूस धुक्यात लाल दिवा बघायला बसवणं हे सगळ्यांच्याच जिवाशी आहे.

ब्रिटनमधे डिसेंबर २०२२ मधे संप आणि थंडी दोन्ही एकदमच आले. १३, १४, १६ आणि १७ तारखेला संप, आणि त्याच आठवड्यात बर्फ. तिकडे दक्षिणेला वीज वरच्या तारेतून नाही, बाजूच्या तिसऱ्या रुळातून घेतात, ७५० व्होल्ट, त्यावर बर्फाचा पातळ थर बसला तरी वीज नीट मिळत नाही. आणि मधल्या १५ तारखेला संप नसूनही गाड्या सकाळी उशिरानेच सुरू झाल्या, कारण डबे एकीकडे, माणसं दुसरीकडे. अकराला धुकं उठल्यावर आमचं जे होतं तेच.

हा सात-आठ-नऊचा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा आंतरीच्या त्याच मुलीने हात वर केला. "मॅडम, तो नौ की आठ कर दें?" मला इतका आनंद झाला, कारण रेल्वे दर हिवाळ्यात हेच करते, डिसेंबर ते फेब्रुवारी काही गाड्या रद्द, काहींच्या फेऱ्या कमी, तेवढी जागा मोकळी राहावी म्हणून. मी तसं सांगितलं. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "लेकिन कौन-सी वाली?" आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या गावची गाडी सांगायला लागला. ती मुलगी मात्र गप्प झाली. आंतरीला थांबणाऱ्या गाड्या आधीच मोजक्या आहेत.