राखाडी कोट तपकिरी कसा झाला?

अमेरिकेचं यादवी युद्ध म्हटलं की उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे राखाडी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की म्युझियममधला दक्षिणेच्या सैनिकाचा खरा कोट पाहिला की गोंधळायला होतं, कारण तो बऱ्याचदा चक्क तपकिरी असतो, फडक्यावर चहा सांडून वाळल्यासारखा.

सुरुवातीला तर निळे-राखाडी असं काही धड नव्हतंच. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत दक्षिणेची ३३वी व्हर्जिनिया रेजिमेंट निळ्या कपड्यात होती, उत्तरेच्या तोफखान्याला वाटलं आपलीच माणसं, आणि दक्षिणेच्या त्या सैनिकांनी जवळ येऊन तोफा घेतल्या. उलट उत्तरेची २री विस्कॉन्सिन राखाडीत, त्यांच्यावर त्यांच्याच लोकांनी गोळ्या झाडल्या. रंग चुकला की जीव जातो, इतकं ते गंभीर होतं.

नियमाप्रमाणे दक्षिणेचा रंग राखाडी ठरला खरा, पण एप्रिल १८६१ पासून उत्तरेने बंदरांची नाकेबंदी सुरू केली. (त्याच नाकेबंदीमुळे इंग्लंडला कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाच्या भावाने पैशाचा पाऊस पडला.) दक्षिणेत शेतात कापूस भरपूर, पण गिरण्या कमी आणि बाहेरून माल येणं कठीण. मग सुती ताणा आणि लोकरीचा बाणा असलेलं स्वस्त कापड, त्यावर लॉगवुडसारखे रंग. लॉगवुड म्हणजे मेक्सिकोच्या युकाटानकडच्या झाडाचं लाकूड, त्याच्या अर्कात लोहाचं मीठ, म्हणजे आपलं हिराकस, घातलं की छान राखाडी-काळा रंग येतो. पण तो उन्हात टिकत नाही, प्रकाशाने रंगाचा रेणू तुटत जातो आणि मागे पिवळट तपकिरी छटा उरते. निळीचं तसं होत नाही, ती कुंडात विरघळलेल्या रूपात धाग्यात शिरते आणि हवा लागली की तिथेच न विरघळणारी होऊन बसते, म्हणून उत्तरेचे गडद निळे कोट आजही निळे दिसतात.

दुसरी गंमत बटरनट नावाच्या अक्रोडाची. केळफूल सोलताना हात काळे पडतात ना, तसंच या झाडाची साल नि फळाची टरफलं हाताळली की हात तपकिरी होतात, त्यातलं द्रव्य हवा लागली की जुग्लोन बनतं आणि लोकरीला घट्ट धरतं. घरोघरच्या बायका यातच कापड रंगवायच्या. दक्षिणेच्या सैनिकांनाच मग 'बटरनट' म्हणायला लागले.

म्हणजे तपकिरी कोट दोन प्रकारचे, काही जन्मतःच तपकिरी आणि काही विटून झालेले. ओळखायचं कसं? शिवण उलटून बघायची किंवा खिशाच्या झाकणाखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे विटलेल्या कोटाचा मूळ राखाडी रंग अजून मिळतो. युद्धाच्या शेवटी शेवटी आयर्लंडच्या लिमरिकमधल्या पीटर टेटच्या कारखान्यातून तयार जॅकेटं आली, त्यातली जी उरलीत ती मात्र अजून निळसर राखाडीच आहेत.