घरांचा पट : भूमिका-खेळांतील चाल आणि लढत

घरांचा पट म्हणजे सारख्या आकाराचे चौकोन किंवा षटकोन आखलेला नकाशा. कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांत लढाईला तोंड फुटले की पात्रे त्यावर मांडतात. मग कोण किती सरकले, कोणाचा वार कुठवर पोचतो आणि कोण कशाआड उभा आहे, हे सगळे घरे मोजून ठरते. एरवी हे खेळ तोंडी चालतात. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) प्रसंग सांगतो, खेळाडू आपल्या पात्राचे बोलतो-वागतो. पण लढाईत पाच जणांच्या डोळ्यांपुढे पाच वेगळे वाडे उभे राहतात, आणि ‘मी खांबामागे होतो’ यावरून वाद होतात. पट मांडला की वाडा सर्वांसाठी एकच होतो.

पुण्यात हे खेळ इंग्रजी नियमपुस्तके समोर ठेवून मराठी-इंग्रजी मिश्र बोलीत खेळले जातात. ‘इनिशिएटिव्ह’ (पाळ्यांचा क्रम), ‘एसी’ (वार लागायला गाठावा लागणारा आकडा), ‘टर्न’ (पाळी) हे शब्द तसेच राहतात. चौकोनाला मात्र ‘घर’ हा शब्द आयता मिळतो, कारण सारीपाट आणि बुद्धिबळ दोन्हींनी तो आधीच रुळवला आहे. सारीपाटात सोंगटीची वाट ठरलेली असते आणि किती घरे जायचे ते दान सांगते. इथे उलट आहे. वाट आणि घरे खेळाडू निवडतो, आणि फासा पडतो तो वार लागला की चुकला हे ठरवायला.

उगम

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या लढाईचे मूळ सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळांत आहे. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्येच छापले होते. त्या खेळात टेबलावर घरे नसत, फूटपट्टी असे. म्हणून सुरुवातीच्या नियमांत पात्राचा वेगही इंचांत लिहिलेला दिसतो : भुयारात १ इंच म्हणजे १० फूट, उघड्यावर १० यार्ड. १ इंचाचे घर म्हणजे ५ फूट, हे आजचे प्रमाण २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने आणि २००३ मधल्या तिच्या सुधारणेने पक्के केले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत वेग थेट घरांत लिहिला गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने फूट परत आणले आणि पट ऐच्छिक ठरवला.

चालीचा हिशेब

पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. साधारण माणसाचा वेग ३० फूट, म्हणजे ६ घरे. हिशेब केला तर हा वेग ताशी साडेपाच किलोमीटर भरतो, झपझप चालणाऱ्या माणसाचा. धावायचे तर वार सोडून ‘डॅश’ घ्यावा लागतो आणि घरे १२ होतात. चिखल, ढिगारा, दाट झुडूप अशा अवघड जमिनीवर प्रत्येक घर दुप्पट किमतीला पडते. खाली पडलेल्याला उठायलाच निम्मा वेग खर्च होतो. सोबत्याच्या घरातून पुढे जाता येते, पण तिथे चाल संपवता येत नाही. चाल तोडता येते : दोन घरे पुढे, एक वार, चार घरे मागे. नवख्या खेळाडूला हे कोणी सांगत नाही आणि तो सहाही घरे आधीच खर्चून बसतो.

तिरक्या घराचा प्रश्न

चौकोनी पटाची खरी अडचण तिरकी चाल आहे. चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो, म्हणजे ५ फुटांच्या घरात तिरके पाऊल जवळजवळ ७ फुटांचे. पाचवी आवृत्ती हा फरक सोडून देते. आडवे, उभे, तिरके, कसेही गेलात तरी एक घर ते एकच घर. ही बुद्धिबळातल्या राजाची चाल आहे. मोजायला सोपी, पण तिने भूमिती वाकते. राजाच्या चालीने सारख्या अंतरावरची घरे जोडली तर वर्तुळ मिळत नाही, चौकोन मिळतो.

तिसऱ्या आवृत्तीने आणि पुढे पाथफाइंडर या तशाच खेळाने दुसरा उपाय धरला : पहिले तिरके घर ५ फुटांना, दुसरे १० ला, तिसरे पुन्हा ५ ला. सरासरी दीडपट येते, ती खऱ्या कर्णाच्या बरीच जवळ आहे. एका उदाहरणात फरक कळेल. पट्टेकरी ओसरीवर आहे आणि त्याला गॉब्लिन या शत्रूशेजारच्या घरात पोचायचे आहे. ते घर पाच घरे आडवे आणि चार घरे उभे, इतके दूर आहे. चार तिरकी आणि एक सरळ अशी वाट होते. राजाच्या चालीने ही पाच घरे, २५ फूट. पट्टेकरी पोचतो आणि एक घर हातात उरते. दुसऱ्या मोजणीने ५, १०, ५, १० आणि सरळ ५ मिळून ३५ फूट होतात. तो पोचत नाही. फूटपट्टी लावली तर अंतर ३२ फूट भरते. म्हणजे दुसरी मोजणी सत्याला धरून आहे. नवख्यांच्या टेबलावर राजाची चाल ठेवावी हे मान्य, पण ज्यांना डावपेच आवडतात त्यांनी ५-१०-५ ची सवय करून घ्यावी. दोन-तीन बैठकींत ती अंगवळणी पडते.

निघून जाण्याची किंमत

पटावरची लढाई रंगते ती वारांच्या नियमांनी नव्हे, हलण्याला लावलेल्या किमतीने. पाचव्या आवृत्तीत शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यातून बाहेर पडले की तो आपली ‘रिअ‍ॅक्शन’ (पाळीबाहेरची प्रत्युत्तराची कृती) खर्चून एक वार करतो. “थांब रे, तिथून हललास की तो मारणार,” हे वाक्य पट मांडलेल्या प्रत्येक टेबलावर ऐकू येते. टप्प्यात राहून शत्रूभोवती फिरले तर वार बसत नाही, आणि ‘डिसएंगेज’ घेतले तर सुखरूप निघता येते, पण त्या पाळीचा स्वतःचा वार जातो. तिसरी आवृत्ती याहून कडक होती. टप्प्यातले घर सोडून टप्प्यातल्याच दुसऱ्या घरात गेले तरी वार ओढवे; एका घराचे सावध पाऊल मात्र मोकळे होते.

दोन्हींचा परिणाम एकच झाला. एकदा भिडले की कोणी हलेना, आणि पट असून नसल्यासारखा. २०१९ मधल्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने ही गाठ फार नेमकी सोडवली. असा संधीचा वार तिथे सर्वांना मिळत नाही. फायटर या लढवय्या पात्रप्रकाराला पहिल्या पातळीपासून मिळतो, बऱ्याच शत्रूंना मिळतच नाही. शिवाय प्रत्येक पाळीला तीन कृती असतात, आणि त्याच पाळीतला दुसरा वार साधारण ५ ने, तिसरा १० ने कमजोर होतो. तो लंगडा तिसरा वार करण्यापेक्षा चार पावले मागे गेलेले बरे, कारण शत्रूला पुन्हा जवळ यायला त्याची एक कृती घालवावी लागते. माघार ही चाल होते, भित्रेपणा राहत नाही.

शत्रूला दोन बाजूंनी कात्रीत धरण्याचा फायदा तिसऱ्या आवृत्तीत वाराच्या दानाला +२ होता. पाचवीत तो ऐच्छिक आहे, आणि घेतला तर वीसपैलू फासा दोनदा टाकून मोठे दान धरता येते. वार लागायला ११ किंवा जास्त हवे असतील, तर +२ ने शक्यता ५० टक्क्यांवरून ६० वर जाते, दोन फाशांनी ७५ वर. इतका मोठा लाभ जवळजवळ फुकट ठेवला की सगळे एका ओळीत उभे राहतात आणि लढाईची पंगत होते. हा ऐच्छिक नियम न घेतलेलाच चांगला.

साहित्य

छोट्या पुतळ्यांना, म्हणजे मिनींना, साधारण १ इंचाची बैठक असते. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणून त्यावर इंचाची घरे आखली आणि झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली, की पुसता येणाऱ्या पेनाने दर वेळी नवा नकाशा काढता येतो. शाळेचा आलेखकागद चालत नाही. त्याची घरे सेंटिमीटरची. कॅरमची सोंगटी ३ सेंटिमीटरहून थोडी मोठी असल्याने शेजारच्या घरात शिरते. ल्यूडोच्या सोंगट्या आणि रुपयाची नाणी नीट मावतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळेही कामी येतात, फक्त बैठक इंचात बसणारे निवडून घ्यावेत. इंटरनेटवरच्या पटांवर, उदाहरणार्थ २०१२ पासूनच्या रोल२० वर, अंतर आपोआप मोजले जाते.

षटकोन

षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांचे केंद्र सारख्याच अंतरावर असते, त्यामुळे तिरक्याचा प्रश्न उरत नाही. युद्धखेळांत ही घरे १९६१ पासून अ‍ॅव्हलॉन हिलच्या पटांमुळे रुळली. सिंहगडाच्या उतारासारख्या उघड्या मुलखाला ती शोभतात. काटकोनी भिंतींच्या इमारतीत मात्र भिंत घरे अर्धी कापते.

वाडा पटावर

पुण्याचा वाडा चौकोनी पटासाठीच बांधल्यासारखा आहे. जुन्या घरांचे मापच खणांत सांगतात, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, तेव्हा नकाशा आधीच आखलेला असतो. मधल्या चौकातले तुळशीवृंदावन घर पूर्ण व्यापते, म्हणून त्याचा कोपरा तिरका कापून जाता येत नाही, वळसा पडतो. सोप्याच्या लाकडी खांबाआड उभ्याला अर्धी आड, एसीला +२. हौदात पोहणाऱ्याला प्रत्येक घर दुप्पट. भिंतीतल्या अरुंद जिन्यात एकच घर रुंदी, तिथे एक ढालकरी सबंध टोळी अडवू शकतो.

शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्याच्या उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. पाचव्या आवृत्तीत हत्ती ३×३ घरे व्यापतो आणि त्याचा वेग ४० फूट असतो. डीएमने दार दोन घरांचे काढले तर हत्ती अंग चोरून आत शिरू शकतो, पण प्रत्येक घर दुप्पट किमतीला पडते, त्याचे स्वतःचे वार दोन फाशांपैकी लहान दानावर ठरतात आणि त्याच्यावरचे मोठ्या दानावर. दार बंद असेल तर त्यातली दिंडी, म्हणजे छोटे दार, उरते. ती एका घराची. हत्तीला तिचा उपयोग नाही, आणि माणूस शिरला तर त्याच्यासाठी आत तीन घरे वाट पाहत असतात : एक समोरचे, दोन तिरकी.