खेळमार्गाची निवड (ब्रिज)

काँट्रॅक्ट ब्रिज या चौघांच्या पत्त्यांच्या खेळात पहिली उतारी (पहिले पान टाकणे) होऊन डमीची, म्हणजे जोडीदाराची, पाने टेबलावर आली की डिक्लेअररला (करार खेळणाऱ्याला) स्वतःची आणि डमीची मिळून २६ पाने दिसतात. उरलेली २६ पाने दोन विरोधकांत कशी विभागली असतील याचा अंदाज बांधून, बोलीत कबूल केलेले दस्त (चार पानांच्या फेऱ्या) जिंकण्याचा करार पुरा होण्याची शक्यता ज्यात सर्वाधिक तो क्रम ठरवणे म्हणजे खेळमार्गाची निवड. डमीतून पहिले पान टाकण्यापूर्वीच ती व्हायला हवी. अनेक करार पहिल्याच दस्तात हातचे जातात.

हुकूम काढणे, हुकमाने कापणे, लांब रंगातली पाने उभी करणे, फिनेस (विरोधकाचे मोठे पान सोयीच्या बाजूला आहे असे धरून त्याहून लहान पानाने दस्त जिंकण्याचा प्रयत्न) ही साधने परिचित आहेत. कस लागतो तो त्यांच्या क्रमाचा. तीन बिनहुकमीच्या करारात (हुकमाविना तेरापैकी नऊ दस्त) आठ दस्त खात्रीचे आहेत आणि नववा हवा आहे, असे समजा. किलवरमध्ये डमीत एक्का-राजा-राणी-तिर्री आणि हातात सत्ती-चौकी-दुर्री. इस्पिकमध्ये हातात एक्का-राणी. विरोधकांचे चार दस्त तयार असल्याने इस्पिकचा फिनेस आधी घेऊन फसला तर करार बुडतो, म्हणजे यशाची शक्यता ५० टक्केच. याउलट आधी किलवरची तीन मोठी पाने वाजवली तर बाहेरची सहा पाने ३-३ असण्याची शक्यता ३५.५ टक्के, आणि तशी नसली तरी फिनेस शिल्लक राहतो. एकूण शक्यता सुमारे ६८ टक्के होते. शिवाय डाव्या विरोधकाकडे किलवरची चार पाने निघाली, तर त्याच्या हातात इतर पानांसाठी नऊच जागा उरतात, उजव्याकडे अकरा. इस्पिकचा राजा उजवीकडे, म्हणजे फिनेस यशस्वी होण्याच्या जागी, असण्याची शक्यता ५५ टक्क्यांवर जाते. बोली आणि उतारीतून मिळालेली माहिती हे आकडे आणखी बदलते.

विभागणीच्या शक्यतांचे सविस्तर गणित फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल आणि बुद्धिबळपटू आंद्रे शेराँ यांच्या १९४० च्या ग्रंथात आहे. सर्वाधिक चर्चा मात्र मर्यादित निवडीच्या तत्त्वाची झाली: विरोधकाने टाकलेले पान त्याला टाकावेच लागले असण्याची शक्यता, दोनांतून निवडून टाकले असण्यापेक्षा जास्त धरावी. डमीत एक्का-राजा-दश्शी-नश्शी-पंजी आणि हातात चार लहान पाने आहेत. बाहेर राणी, गुलाम आणि दोन लहान पाने. एक्क्यावर उजव्या विरोधकाची राणी पडते. दुसऱ्या फेरीत डावा लहान पान टाकतो. आता राजा लावावा की दश्शीचा फिनेस घ्यावा? उजव्याकडे राणी-गुलाम ही जोडी असण्याची मूळ शक्यता ६.७८ टक्के, एकटी राणी असण्याची ६.२२, वरवर पाहता राजा लावणे योग्य. पण जोडी असती तर त्याने निम्म्या वेळा गुलाम टाकला असता, म्हणून जोडीचे वजन निम्मे, ३.३९ धरावे लागते. फिनेसच्या यशाची शक्यता सुमारे ६५ टक्के ठरते. हे सारे तो जोडीतून कोणतेही पान सारख्याच वारंवारतेने टाकतो या गृहीतावर उभे आहे. नेहमी राणीच टाकणाऱ्या खेळाडूविरुद्ध राणी पडल्यास राजा लावणे किंचित सरस, आणि गुलाम पडल्यास फिनेस निश्चित यशस्वी. याकडे पुष्कळ पाठ्यपुस्तके दुर्लक्ष करतात, हे खेदाचे आहे.

या तत्त्वाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. ते ब्रिजपटू व लेखक टेरेन्स रीझ यांच्या नावावर सांगण्याची प्रथा आहे, कारण १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याचे विवेचन केले. त्याआधी, बहुधा १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ब्रिजपटू व लेखक ॲलन ट्रस्कॉट यांनी ते मांडल्याचे मानले जाते. कल्पना ट्रस्कॉट यांची आणि प्रसार रीझ यांचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मूळ गणित मात्र १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेझच्या प्रमेयाचेच (नव्या माहितीनुसार शक्यता बदलण्याच्या नियमाचे) आहे.

सर्वोत्तम मार्ग गुणपद्धतीवरही अवलंबून असतो. संघस्पर्धेत करार सुरक्षित करण्यासाठी एखादा दस्त सोडणे शहाणपणाचे, तर मॅचपॉइंट स्पर्धेत (तोच डाव खेळणाऱ्या इतर जोड्यांशी तुलना करून गुण मिळतात अशा) एका जादा दस्तासाठी धोका पत्करावा लागतो.

मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे ‘नूक’ या संगणकप्रणालीने आठ विश्वविजेत्या खेळाडूंपेक्षा सरस कामगिरी केली. त्या सामन्यात बोली वगळून केवळ डिक्लेअररच्या खेळाची तुलना झाली होती.