साखळी करवतीची धार

चेनसॉने सरपण पाडताना साखळीचे दात गोल कानशीने वेळच्या वेळी घासून धारदार ठेवायचं काम. मशीनला बोलताना बरेच जण नुसतं कटर म्हणतात.

साखळीला दात लावून कापायची कल्पना पहिल्यांदा कुणाची यावर एकमत नाही. गंमत म्हणजे ती लाकडासाठी नव्हतीच, हाडं कापायला होती. स्कॉटलंडचे दोन डॉक्टर, जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री, यांची नावं यात घेतात. एटकेनच्या पुस्तकात १७८५ च्या सुमारास हाताने ओढायच्या दातेरी साखळीचं चित्र आहे, तर जेफ्रीचं म्हणणं असं की कल्पना आपल्यालाही साधारण तेव्हाच स्वतंत्रपणे सुचली होती, फक्त करवत बनवून घ्यायला १७९० उजाडलं. छापील पुरावा धरला तर एटकेनचं पारडं थोडं जड वाटतं. पुढे १८३० च्या आसपास जर्मनीत बर्नहार्ड हाइनेने हँडल फिरवून चालणारी हाडाची करवत केली, आणि लाकडासाठीची इंजिनवाली मशीनं जर्मनीतच १९२० च्या दशकाच्या शेवटी आली, त्यात एमिल लेर्प आणि आंद्रेआस श्टील ही दोन नावं पुढे असतात.

पण धारेपुरतं बोलायचं तर खरा बदल जोसेफ कॉक्सचा. आधीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे, त्यामुळे सारखी कानस लागायची. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९४६ साली या लाकूडतोड्याने भुंगेऱ्याची अळी लाकूड उभंआडवं कसंही कुरतडताना पाहिली आणि तिच्या जबड्यासारखा वळलेला दात बनवला (नाशिकचे द्राक्षवाले ज्या खोडकिड्याला वैतागलेले असतात त्याच जातकुळीतली ही अळी). आज सरपणाच्या मशीनवर बहुतेक हाच दात असतो, त्याची आतली बाजू गोल, म्हणून कानसही गोल.

कानशीची जाडी साखळीच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या मापावर ठरते. छोट्या मशीनवरच्या ३/८ इंच लो प्रोफाइलला (कमी उंचीच्या साखळीला) ४ मिमी, ०.३२५ इंचाला ४.८, मोठ्या ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमी. जाडी चुकली की दाताचा आकारच बिघडतो. मशीन बंद करून, हातमोजे घालून, कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर ठेवायचा, बहुतेक साखळ्यांना २५ ते ३० अंशांचा कोन धरायचा आणि फक्त पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची. आधी सगळ्यात झिजलेला दात घासून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे, नाहीतर एका बाजूचे दात लांब राहतात आणि काप तिरका जातो. दातापुढचा बुटका खुंट म्हणजे डेप्थ गेज, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली लागतो. तो चपट्या कानशीने उतरवतात, पण जास्त उतरवला तर मशीन हिसके मारते. ग्राइंडरवर काम लवकर होतं खरं, पण दात तापून निळा पडला की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच.

धार गेलीय हे भुशावरून कळतं. ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा पडायला लागला आणि मशीन दाबावं लागलं की थांबायचं. पेट्रोल भरायला थांबलं की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारून घेतले तर तिथवर वेळ येत नाही.

नाशिक जिल्ह्यात जुन्या द्राक्षबागा काढल्या की खोडं सरपणात जातात, आणि साखळीचा खरा जीव तिथे जातो. जेसीबीने उपटलेल्या बुंध्याच्या सालीत माती घट्ट बसलेली असते आणि मांडवाची तार कधीकधी लाकडात पार रुतलेली, वरून दिसतही नाही. बाभळीचं वाळलेलं लाकूड टणक असतं, दात बोथट करतंच, पण मातीइतकं झटपट नाही. म्हणून बुंधा आधी झटकून किंवा धुऊन, जमिनीवर न ठेवता दोन ओंडक्यांवर आडवा घालून कापतात.

बऱ्याच साखळ्यांवर दाताच्या मागच्या बाजूला तिरकी खूण असते, घासत घासत तिथपर्यंत आलं, म्हणजे दात साधारण ४ मिमी उरला, की साखळी बदलतात.