मेंदूचा शोष आणि विजेचा उपचार : पार्श्वभूमी

पहिल्या शतकात रोममध्ये डोकेदुखीवर जिवंत विद्युतमासा डोक्याला लावत. १९३८ साली त्याच शहरात विजेने झटके आणण्याचा उपचार सुरू झाला आणि पुढे आपल्याकडे 'शॉक' हा शब्द या सगळ्या विषयाला कायमचा चिकटला. इथे ज्या उपचाराबद्दल लिहितो आहे, तो म्हणजे शोषाने, म्हणजे पेशी कमी होऊन, आकसत चाललेल्या मेंदूला सौम्य वीज देणे; त्यात झटका आणायचा नसतो.

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल इथे थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात बारीक तार बसवून हाताचा कंप थांबवण्यात आला. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. कंप ही बिघडलेली लय, ती मोडता येते. पण पेशीच कमी होत चाललेल्या मेंदूत वीज सोडून काय साधणार? अल्झायमरच्या, म्हणजे मेंदूच्या पेशी मरून स्मृती जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णांकडे त्यामुळे फारसे कोणी वळले नव्हते.

वळण आले ते योगायोगाने. टोरंटोत एका अतिलठ्ठ रुग्णाची भूक आवरावी म्हणून हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भुकेवर ताबा ठेवणाऱ्या भागात, तारा बसवल्या. वीज सोडताच त्याला तरुणपणी मित्रांबरोबर बागेत असल्याचा प्रसंग दिसू लागला. तारांना लागूनच फोर्निक्स जातो, म्हणजे हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातून निघणारी तंतूंची जुडी. हे २००८ मध्ये छापून आले. २०१० मध्ये अल्झायमरच्या ६ रुग्णांच्या फोर्निक्सला अशीच वीज देण्याचा प्रयोग छापून आला. वर्षभराने त्यांतल्या दोघांचा हिप्पोकॅम्पस आकसण्याऐवजी एमआरआयवर मोठा दिसला. मोठा दिसणे म्हणजे नव्या पेशी उगवणे नव्हे, पण बातम्यांत हा फरक सहज हरवतो.

पुढची चाचणी ४२ जणांची. कवटीला भोक सगळ्यांच्याच. निम्म्यांचे यंत्र सुरू, निम्म्यांचे वर्षभर बंद. २०१६ मध्ये निकाल आला : शस्त्रक्रिया बऱ्यापैकी सुरक्षित, स्मरणशक्तीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. खरे तर गोष्ट इथे थांबायला हवी होती. पण आकडे वयानुसार वेगळे केल्यावर ६५च्या वरच्या ३० जणांत थोडा फायदा झाल्यासारखा दिसला, तर त्याखालच्या १२ जणांत यंत्र सुरू असलेल्यांची उतरण जास्तच भासली. कमी वयातला आजार मेंदू अधिक पोखरतो, असे स्पष्टीकरण पुढे आले. असेलही. तरी १२ माणसांचे पुन्हा दोन भाग केल्यावर उरतात किती? नंतरच्या मोठ्या चाचणीने मात्र हीच रेषा पायाभूत मानली आणि ६५च्या खालच्यांना घेतलेच नाही.

दरम्यान इटलीत ब्रेशिया इथे लहान मेंदूच्या शोषाने तोल गेलेल्या रुग्णांवर दुसरी वाट चोखाळली गेली. डोक्याच्या मागच्या बाजूला ओली पट्टी, २ मिलिअँपिअर प्रवाह, रोज २० मिनिटे, आठवड्याला ५ दिवस, असे दोन आठवडे. २०१७च्या २० जणांच्या अभ्यासात चालण्यातली सुधारणा तीन महिन्यांपर्यंत टिकलेली दिसली. तुलनेच्या गटालाही पट्टी लावली, फक्त प्रवाह काही सेकंदांत बंद केला. भोक कुणालाच पाडावे लागले नाही.