एक अक्षर दी फक्त

सकाळच्या एसटीनं पेपरचा गठ्ठा आमच्या तिठ्यावर उतरतो. आते पेपर उघडते ती मागून. आधी निधनवार्ता, मग शब्दकोडं. बाकीचं जग जेवणानंतर.

गेल्या श्रावणात ती आडव्या 14 वर अडली. ‘खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी’, चार घरं. आमच्या परसातून दोनशे पावलांवर खाडी आहे आणि लहानपणी आतेनं त्याच चिखलात मुळे (शिंपले) वेचलेत. ती लगेच म्हणाली, “तिवर.” तीन घरं. “कांदळ.” पुन्हा तीन. मग पेन्सिल कपाळावर आपटत बसली. “माका म्हायत आसा, पण तोंडार येणा नाय.”

मी तोंड उघडलं तर हात वर करून तिनं मला गप्प केलं. “सगळा सांगा नको. एक अक्षर दी फक्त.”

तेव्हा मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. पुढे याविषयी थोडं वाचलं आणि लक्षात आलं, तिची पद्धत चांगलीच शास्त्रशुद्ध आहे.

शब्द तोंडाशी येऊन अडतो त्या अवस्थेला मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पकडलं 1966 मध्ये. हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. त्यातली एक अशी: समुद्रावर सूर्य, चंद्र, तारे यांची उंची कोनात मोजण्याचं नौकानयनाचं उपकरण. (शब्दकोड्यातलीच ओळ की ही!) उत्तर होतं सेक्स्टंट. ज्यांचं उत्तर ओठाशी अडकलं त्यांच्यातल्या कुणाला होकायंत्र आठवत होतं, तर कुणाला त्याच्यासारखा ऐकू येणारा भलताच शब्द. गंमत म्हणजे शब्द आठवत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर ही मुलं निम्म्याहून जास्त वेळा बरोबर सांगत होती. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. त्याचा अर्थ हाताशी असतो, नादाचे तुकडेही असतात, फक्त अर्थाकडून नादाकडे जाणारी पाणंद गवतानं भरलेली असते. फारसे न वापरलेले शब्द आणि वाढतं वय, दोन्हींमुळे हे गवत वाढतं.

त्यात वाट अडवायला चुकीचे शब्द येऊन बसतात. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञानं त्यांना सिंड्रेलाच्या कुरूप बहिणी म्हटलं. हवी असते धाकटी, पण दार उघडलं की पुढे येतात त्या या दोघी. आतेच्या दारात तिवर आणि कांदळ ठाण मांडून होत्या. (कुरूप मात्र म्हणवत नाही. बोलीतले इतके नेमके शब्द सोडून कोडं पुस्तकी शब्द मागतं, हा माझा जुना राग आहे. एकदा ‘ओढा’ला दोन घरं होती म्हणून मी आनंदानं ‘व्हाळ’ लिहिलं. हवा होता ‘नाला’.)

अशा वेळी कपाळ आपटत बसणं सगळ्यात वाईट. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. शब्द अडला की काहींना उत्तर 10 सेकंदांनी सांगितलं, काहींना 30 सेकंदांनी. दोन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा जास्त वेळ झगडलेले त्याच शब्दावर पुन्हा जास्त अडले. चुकीच्या वाटेनं जितकं चालावं तितकी तीच मळते. आपण विसरण्याचाच सराव करत असतो. हम्फ्रीज यांच्या पुढच्या कामात असं दिसलं, की शब्द स्वतःला सापडला, मग तो नादाच्या छोट्या इशाऱ्यावरून का असेना, तर पुढच्या वेळी अडायचं प्रमाण घटतं. याला जोड द्यायची 1978 मधल्या स्लामेका आणि ग्राफ यांच्या प्रयोगांची: आयता वाचलेल्या शब्दापेक्षा अर्धवट खुणेवरून स्वतः घडवलेला शब्द जास्त लक्षात राहतो.

म्हणजे नुसतं झुंजणं वाया, आयतं उत्तरही वाया, आणि मधे कुठेतरी आतेचं एक अक्षर. शब्दकोड्यात ते अक्षर आडव्याला उभा शब्द देतो. पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आलं. ते रचणाऱ्या, मूळच्या लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनीही हिऱ्याच्या आकाराच्या त्या चौकटीत वरचा तीन अक्षरी शब्द आधीच भरून दिला होता.

मी अक्षर दिलं नाही. म्हटलं, आधी उभं बघ. ‘दोघींनी हात धरून गरगर फिरण्याचा खेळ’, तीन घरं. आमच्याकडे गणपतीत यावर विचार करावा लागत नाही. आतेनं फुगडी लिहिली आणि ‘फु’ आडव्या 14 च्या तिसऱ्या घरात जाऊन बसला. पेन्सिल क्षणभर थांबली, मग एका दमात: खारफुटी.

इतकं काय होतं त्या ‘फु’मध्ये? माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांचा हिशेब सांगतो, की जी खूण जितकी विरळा, तितकी माहिती तिच्यात जास्त. ‘र’ मिळाला असता तर निम्मा शब्दकोश शिल्लक राहिला असता. शब्दाच्या मधोमध ‘फु’ असलेले शब्द आठवून पाहा, बोटांवर मोजाल. शॅनन यांनी 1948 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चक्क शब्दकोड्यांचाही विचार केला आहे. भाषेत अक्षरं कशीही जुळली तरी शब्द झाला असता, तर कोणतीही चौकट कोडं झाली असती. उलट बंधनं फार असती, तर कोडं रचताच आलं नसतं. त्यांच्या गणितानं, भाषेचा साधारण निम्मा भाग नियमांनी आधीच ठरलेला असला, तर मोठी कोडी जेमतेम जमतात.

इंग्रजीत एका घरात 26 पैकी एक अक्षर. आपल्याकडे 34 व्यंजनं गुणिले बाराखडीची 12 रूपं, म्हणजे ढोबळमानानं 408. स्वर आणि जोडाक्षरं वेगळी. म्हणून मराठी कोडं रचणाऱ्याचे हाल होतात आणि चौकटीत काळी घरं जास्त पडतात. सोडवणाऱ्याची मात्र चैन. अडलेला शब्द सोडवायला पहिलं एकटं अक्षर पुरत नाही, पूर्ण पहिला उच्चारखंड (एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) लागतो, असं इंग्रजी शब्दांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मराठी कोड्याच्या एका घरात बहुतेक वेळा तो उच्चारखंडच असतो. तेव्हा मराठी कोड्यातली आडव्या-उभ्याची एक भेट इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडत असावी. हा अंदाज माझा, प्रयोगाचा नव्हे.

त्या क्षणी आते हसली ते वेगळंच हसणं होतं. मार्क युंग-बीमन आणि जॉन कुनियॉस यांनी 2004 मध्ये शब्दांची कोडी सोडवणाऱ्यांचे मेंदू तपासले. उत्तर एकदम सुचलं असं सांगण्याच्या साधारण 0.3 सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात वेगवान विद्युतलहरींची उसळी दिसली. पायरीपायरीनं काढलेल्या उत्तराला ती नव्हती.

स्मृतिभ्रंशाचं लोक विचारतातच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका दीर्घ पाहणीत, पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या 101 जणांपैकी जे कोडी सोडवत, त्यांची स्मरणशक्ती वेगानं ढासळायला 2.54 वर्षं उशिरा लागली. 2022 मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या 107 जणांवर 78 आठवडे चाललेल्या चाचणीत शब्दकोडी संगणकी खेळांपेक्षा सरस ठरली; मात्र काहीच न करणारा गट तुलनेला नव्हता. मला यातून फार मोठा दिलासा काढवत नाही. आतेला विचारलं तर म्हणाली, “औषद म्हणान कोण सोडवता?”

माझं स्वतःचं एक अडलेलं घर आहे. ‘होडीला दिशा देणारे’, तीन घरं. प्रत्येक वेळी मला वल्हं आठवतं, शीड आठवतं, नांगर आठवतो. इतक्या वेळा डोकं खाजवलंय, की आता विसरायची सवयच पक्की झाली आहे. परवा पुन्हा तेच आलं. मी मुकाट पेपर आतेपुढे सरकवला. ती कोकमं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “सु.”